अंगठा तोच, कर्जखत बदलले

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी एकत्र आले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्याची दुकाने लुटली गेली हे खरे. पण त्या जमावाचा मुख्य रोख धान्यावर किंवा दागदागिन्यांवर नव्हता. त्यांना हवी होती ती कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या. त्या हाती पडताच भर बाजारात त्यांची होळी करण्यात आली. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदलेल्या या उद्रेकाचे लोण पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील कित्येक गावांत पोहोचले. सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रसंग त्यात तुलनेने थोडे घडले. लोकांचा राग कागदावर होता.

सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीचा. या असंतोषाची पहिली ठिणगी मात्र घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यात पडली होती. कर्डे या गावी एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून गावातील एका प्रतिष्ठित घराण्याला बेघर करण्याचा घाट घातला, तेव्हा डिसेंबर १८७४ मध्ये साऱ्या गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. कोणी त्यांची शेती कसेना, कोणी त्यांच्या दुकानाची पायरी चढेना. २०२५ साली या घटनांना दीडशे वर्षे झाली. शिरूर-दौंडच्या पंचक्रोशीत तरी त्यांचे स्मरण व्हावयास हवे होते. कारण ज्या प्रश्नावर तेव्हा आग लागली, तोच प्रश्न आज प्रत्येक घरातील मोबाइलच्या पडद्यावर उभा आहे. न वाचलेल्या, न समजलेल्या कागदावर दिलेली संमती ही खरी संमती मानावयाची काय?

कागदाचे राज्य

कर्ज आणि सावकारी या देशाला नव्या नव्हत्या. परंतु आपल्या परंपरेने धनकोला मोकळे रान कधीच दिले नव्हते. हिंदू धर्मशास्त्रातील ‘दामदुपटी’चा नियम असा, की व्याजाची एकवट मागणी मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मनुस्मृतीत हे तत्त्व आहे आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही ते मान्य केले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. खोट्या वजनमापांना दंड सांगितलेला आहे. व्यापाऱ्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतकाच नफा घ्यावा, अशी मर्यादाही तेथे घातलेली आहे. व्यवहार हा धर्माच्या चौकटीत चालावा, ही धारणा त्यामागे होती.

इंग्रजी राजवटीने ही चौकट मोडली. शेतसाऱ्याची रोख रकमेत सक्तीची वसुली सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. १८६५ साली ते युद्ध संपताच भाव कोसळले. त्यानंतरच्या फेरआकारणीत सारा मात्र अनेक ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढविण्यात आला. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू कर्जदाराला दिलासा देण्याचा. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती. तो अंगठा उठवी. आत काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असे आणि न्यायालय मात्र कागदावर अंगठा आहे की नाही, एवढेच पाहत असे.

खताच्या पाठीमागे पाहणारा कायदा

दंग्यांची चौकशी झाली. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेची कैफियत मांडण्याचे काम नेटाने चालविले होते. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांनी सशस्त्र उठावाचा झेंडा उभारला आणि त्यांचा पहिला छापा पडला तो शिरूर तालुक्यातीलच धामारी गावावर. सरकारला स्वस्थ बसणे परवडणारे नव्हते. त्याच वर्षी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून काम केले.

या कायद्याच्या चार तरतुदी आजच्या वाचकाने ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, खत समोर आले तरी न्यायाधीशाने तेथेच न थांबता त्या व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा. प्रत्यक्ष किती रक्कम दिली, व्याज किती चढविले, फेड किती झाली हे पाहावे. दुसरी, शेतकऱ्याचे खत गावपातळीवरील निबंधकासमोरच लिहिले जावे. तिसरी, सावकाराने पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा. चौथी, दावा न्यायालयात जाण्यापूर्वी तडजोडीचा प्रयत्न व्हावा. थोडक्यात, कागदावरची संमती अंतिम नाही. ती समजून-उमजून दिली होती काय, हे पाहणे न्यायसंस्थेचे कर्तव्य आहे.

हा कायदा सर्वगुणसंपन्न नव्हता. गहाणखत तपासले जाते असे दिसताच काही सावकार थेट खरेदीखते लिहून घेऊ लागले आणि ती पळवाट बुजविण्यासाठी पुढे कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कायदा एक दार लावतो, तोवर लोभ दुसरे दार शोधतो. हा धडाही शिरूर-भीमथडीनेच दिला आहे.

पडद्यावरचा अंगठा

आता आजचे चित्र पाहावे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत हजारो तरुण कामाला जातात. शिरूरचा कांदा आणि दौंडचा ऊस-गूळ दूरदूरच्या बाजारांत पोहोचतो. या मुलुखाला तंत्रज्ञान परके नाही. शिरूर तालुक्यातीलच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला आणि २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तेथे संगणकाधारित निर्मितीची प्रयोगशाळा सुरू झाली. ग्रामीण मुलाने यंत्राचा मालक व्हावे, गुलाम नव्हे, हा त्या प्रयत्नाचा गाभा.

परंतु बाजारातून हाती येणारा मोबाइल वेगळा संस्कार करतो. कर्ज देणारे एखादे अ‍ॅप उतरवून घेताना पडद्यावर लांबलचक इंग्रजी मजकूर सरकत जातो आणि खाली एकच कळ असते, ‘मान्य आहे’. ती दाबली की खत पुरे झाले. आपल्या कायद्याने या कळीला खताचे बळही दिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात घातलेले कलम १०-अ सांगते, की करार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून तो अवैध ठरत नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही तरतूद आवश्यकच होती. पण तिच्याबरोबर ग्राहकाच्या बाजूने गावचा निबंधक मात्र आला नाही.

परिणाम काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. चार-पाच हजारांच्या कर्जासाठी मोबाइलमधील सगळे संपर्कक्रमांक, छायाचित्रे आणि संदेश अ‍ॅपच्या हवाली झाले. हप्ता चुकताच नातेवाईक, शेजारी, कामावरील वरिष्ठ यांना फोन जाऊ लागले, बदनामीकारक चित्रे पाठविली जाऊ लागली. जुना सावकार जमीन गहाण घेत असे. नव्याने घराण्याची अब्रू गहाण घेतली. लाजेपोटी कित्येक कुटुंबे तोंड मिटून बसली आणि शोषण करणाऱ्याचे फावले.

कायदे आहेत, ते ठाऊक हवेत

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांविषयी नियम केले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी, ठराविक मुदतीत दंडाविना कर्ज परत करण्याची मुभा असावी आणि अ‍ॅपने संपर्कयादी, छायाचित्रे, फोनची नोंदवही यांना हात लावू नये, हे त्यात स्पष्ट आहे. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने पुढचे पाऊल टाकले. व्याज, शुल्क आणि एकूण वार्षिक खर्च एका दृष्टिक्षेपात सांगणारे मुख्य तथ्यांचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे, ते त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असा दंडक १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. १८७९ चा ग्रामनिबंधक तत्त्वरूपाने परत आला, असेच म्हणावे लागेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकाला दिला आहे. मराठी ही त्यातील एक भाषा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरील मुख्य बंधनांसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

ग्राहक कायद्याची कथा तर पुण्याशी जोडलेली आहे. दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामातील सैनिक बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. शोषणमुक्त समाजाचे ध्येय त्यांनी डोळ्यांपुढे ठेवले. ग्राहक हा अर्थव्यवस्थेचा राजा आहे असे नुसते म्हणून भागत नाही, त्याला कायद्याचे शस्त्र हवे, हा आग्रह त्या चळवळीने धरला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. ग्राहकाला आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेत्याचे कार्यालय बंगळूरला असो वा गुरुग्रामला, दौंडच्या माणसाला तेथे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारशुल्कही नाही. ऑनलाइन विक्रीच्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावयास हवे. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेल्या चौकटीला संमती मानता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये पडद्यावरील १३ प्रकारच्या फसव्या युक्त्यांना अनुचित व्यापारप्रथा ठरविण्यात आले.

बँकेतील पैशाबाबतही असेच आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने तत्त्व घालून दिले, की त्रयस्थाच्या फसवणुकीची सूचना ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर त्याच्यावर दायित्व नाही आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये लांबविले गेले, तेव्हा महाराष्ट्राचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अगरवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने २०१३ साली पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खातेदार फसव्या ई-मेलला बळी पडला होता, म्हणून काही भार त्याच्यावर राहिला. पण लबाडांची खाती उघडताना सुरक्षेची काळजी न घेणारी बँकही सुटली नाही. खताच्या पाठीमागे पाहणे म्हणजे काय, याचा हा आधुनिक वस्तुपाठ होय.

एक मोठी उणीव

तरीही एका उणिवेकडे लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधले गेले पाहिजे. २०१९ च्या कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच आणली. कराराच्या भंगाबद्दल अवाच्या सवा दंड, मुदतीपूर्वी कर्ज फेडू न देणे, एकतर्फी करार तोडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवणे अशा अटी रद्दबातल ठरविता येतात. मात्र हा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. जिल्हा आयोगाला नाही. म्हणजे दहा हजारांच्या कर्जाची जुलमी अट रद्द करून घ्यावयाची असेल, तर कर्ड्याच्या शेतकऱ्याने राज्य आयोगाचे दार ठोठवावे, अशी ही व्यवस्था! १८७९ चा परकी कायदाही व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचे काम खालच्या न्यायाधीशावर सोपवीत होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने ते सर्वसामान्यांपासून दूर का न्यावे? लहान रकमांपुरता तरी हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळालाच पाहिजे.

काही जण म्हणतील, करार तो करार. न वाचता सही करणाऱ्याचे लाड कशाला? असे लाड केल्यास प्रामाणिक पतपुरवठा आटेल. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. घेतलेले कर्ज फेडणे हा धर्मच आहे आणि बुडवेगिरीला चळवळीच्या नावाखाली आश्रय मिळता कामा नये. परंतु ज्या करारातील एक पक्ष निष्णात वकिलांकडून मजकूर लिहवून घेतो आणि दुसऱ्याला त्याची भाषाही कळत नाही, त्या करारात संमतीचा आत्मा नसतो. वाचता येईल असा कागद समोर ठेवूनही कोणी डोळे मिटले, तर दोष त्याचा. कागदच वाचता येऊ नये अशा रीतीने लिहिला, तर दोष लिहिणाऱ्याचा.

व्यापाराचा धर्म आणि कार्यकर्त्याचे काम

कायद्याच्या पलीकडे नीतीचा प्रश्न उरतोच. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव हे दोन्ही धर्माला मारक मानले. देहूचे तुकोबा व्यवसायाने वाणी. दुष्काळात होरपळलेल्या कुळांची आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. ज्या भूमीत धनकोने स्वहस्ते खते बुडविली, त्याच भूमीत ऋणकोंना ती जाळावी लागली, हे अंतर नीतीच्या ऱ्हासाचे माप आहे. हप्त्यावर मोबाइल विकणारा दुकानदार, आधार यंत्रावर अंगठा घेऊन पैसे देणारा केंद्रचालक, ग्राहकाच्या वतीने अर्ज भरणारा सेवा केंद्राचा तरुण हे आजच्या गावाचे कारकून आहेत. वृद्ध माणूस त्यांच्या विश्वासावर अंगठा ठेवतो. काय लिहिले आहे हे त्याला मराठीत सांगणे आणि पावती हातात देणे, हा त्यांचा व्यापारधर्म. अशा केंद्रचालकांची काटेकोर पडताळणी करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातले आहे. पण शेजाऱ्याची नजर ही सर्वांत जागती पडताळणी असते.

येथेच संघटित समाजशक्तीचे काम सुरू होते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या ठिकाणी आठवड्यातून एक तास जरी दोन जाणकार कार्यकर्ते बसले, तरी चित्र पालटू शकेल. येणाऱ्याचे कर्जपत्रक वाचून त्याचा अर्थ सांगावा. अ‍ॅपमागे नोंदणीकृत संस्था आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या सूचीत पाहून द्यावे. आधारचा अंगठा वापर नसताना कुलूपबंद कसा ठेवावा, हे दाखवावे. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० हा क्रमांक फिरवून द्यावा, कारण पहिल्या काही तासांत सूचना गेली तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडविता येते. वस्तू वा सेवेची तक्रार असेल तर १९१५ आहे आणि त्याने न भागल्यास आयोगाकडील अर्ज लिहून द्यावा. यासाठी निधी नको, इमारत नको. वाचता येणाऱ्या माणसाने न वाचता येणाऱ्याच्या शेजारी बसावे, एवढेच हवे. फसलेल्या माणसाला लाज वाटू न देणे हेही या कामाचे अंग आहे. फसवणारा त्या लाजेवरच जगतो.

दीडशे वर्षांपूर्वी कर्डे गाव एका कुटुंबासाठी उभे राहिले आणि त्या एकजुटीची दखल साम्राज्याला घ्यावी लागली. आज जाळण्यासाठी कागद उरलेला नाही. दूरच्या कुठल्याशा संगणकात साठविलेले खत होळीत टाकता येत नाही, आणि टाकण्याची गरजही नाही. ते उघडून मराठीत वाचण्याचा हक्क आता कायद्यानेच दिला आहे. तो हक्क बजावणारी माणसे प्रत्येक गावात उभी करणे, हे काम मात्र कोणताही कायदा करून देणार नाही.